शोभीच्या घरचा डबा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी आई गावभर सांगायची. खोटं नव्हतं ते. कुणाची म्हैस कुणाच्या वावरात शिरली, कुणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले — मला कळलं की दिवेलागणीपर्यंत अख्ख्या आळीला कळायचं. पण एक तीळ मी तोंडात धरून बसले आहे. नवऱ्याला सांगितला नाही, लेकीला नाही. जिच्या पायी तो आहे, तिला तर सरळ शब्दांत कधीच नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

आधीच सांगून ठेवते, मी उशी भिजवणारी बाई नाही. माझं बरं चाललंय. नोकरी संपत आली, लेक सुखात आहे, नवरा सकाळचा चहा करून देतो. गुडघे कुरकुरतात, पण स्कूटी चालवता येते तोवर चिंता नाही. झोप तर अशी लागते की विचारू नका. असं काही केलेल्या माणसाला झोप कशी लागते, असं तुम्हाला पुढे वाटेल. लागते. मलाही आधी नवल वाटायचं, आता तेही वाटत नाही.

मी शाळेत बाई आहे. माझ्या माहेरच्याच गावात. मंगरूळपीरच्या बसमधून फाट्यावर उतरलं की सोयाबीनच्या वावरांमधून जो रस्ता आत जातो, त्याच्या टोकाला आमची शाळा. शनिवारी मुलं दप्तर आणत नाहीत, आणि त्या दिवशी माझ्या गोष्टी असतात. मुलं मला गोष्टीवाल्या बाई म्हणतात. पुस्तकातल्या गोष्टी मी फारशा सांगत नाही, मनच्याच सांगते. आणि फिरून फिरून विषय एकच — कुणाला चिडवू नये. कुणाच्या दिसण्यावरून, कुणाच्या चालण्यावरून, कुणाच्या डब्यात काय आहे त्यावरून.

या सगळ्यांत एक गोष्ट मुलांची फार लाडकी. खारूताईच्या डब्याची. जंगलात खाऊ ओळखायचा खेळ असतो. दर वेळी कुणीतरी डबा आणायचा, हलवायचा, बाकीच्यांनी आवाजावरून आत काय ते सांगायचं. खारूताई गरीब, तिच्या डब्यात नेहमी बोरं. एक दिवस ती डबा घेऊन येते आणि तो हलवायच्या आतच सगळी जनावरं ओरडतात — बोरं, बोरं, खारीची बोरं. खारूताई डबा न उघडताच घरी जाते. आत असतात मधाचे लाडू, तिच्या आईनं जीव टाकून केलेले. ते कुणालाच मिळत नाहीत. मग मी आवाज खाली आणून म्हणते, ‘वाईट नव्हती हो ती जनावरं. त्यांना माहीत नव्हतं.’

ही गोष्ट आमच्या शाळेच्या अंगात मुरली आहे. मागे एक नवा मुलगा आला, बोलताना अडखळणारा. एकानं त्याची नक्कल सुरू केली, तर दुसरीतली एवढीशी पोरगी उठून म्हणाली, “ए, आधी डबा हलव.” नक्कल करणाऱ्यानं मान खाली घातली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं. एवढं सुख मास्तरकीत फार वेळा मिळत नाही. त्यात वाटेकरी म्हणून मला शोभीचं नाव घ्यायला हवं होतं, ते मी कधी घेतलं नाही.

शोभी म्हणजे शोभा. आमच्या घरामागे तिचं घर. बाप लवकर गेलेला, माय दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. आम्ही दोघी एकाच वर्गात. तुमच्याकडे भोंडला असेल, आमच्याकडे भुलाबाई. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा, त्यात मातीची भुलाबाई आणि भुलोजी बसवायचे, आणि कोजागिरीपर्यंत रोज सांजेला आम्ही पोरी घरोघर टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की ज्या घरची पाळी, त्या घरची पोरगी झाकणबंद डबा घेऊन बाहेर यायची. डबा हलवायची. आम्ही ओळखायचं — शंकरपाळे, चिवडा, मुरमुऱ्याचे लाडू. ओळखेपर्यंत खाऊ नाही. सगळी मजा त्या आवाजात.

गाण्यांमध्ये मधेच आपल्या ओळी घुसडायची रीत होती. आणि ओळी जुळवण्यात माझा हात धरणारी गावात कुणी नव्हती, हे मी आजही मान वर करून सांगते. हिच्या नाकावर, तिच्या मामावर, कुणाच्या नव्या फ्रॉकच्या ढगळपणावर — ज्या घरी जायचं त्या घरची ओळ मी आदल्या दिवशीच तयार ठेवायची. पोरी पोट धरून हसायच्या. ते हसणं मला लागायचं. काहींना जेवणावर गोड लागतंच ना, तसं. शोभीच्या घरी दर वर्षी फुटाणेच असायचे. दुसरं काय असणार होतं? तर त्या वर्षी मी तिच्यावर ओळी जुळवल्या:

शोभीच्या घरचा डबा व बाई, डबा,
कोनाड्यात राह्यला उभा व बाई, उभा.
आजही फुटाने, उद्याही फुटाने,
भुलोजी उपाशी निजले मुकाट्याने.

चांगल्या आहेत ना? हेच तर. त्या चांगल्या होत्या. तिच्या घरची पाळी आली त्या सांजेला शोभीच्या अंगणात मी त्या म्हटल्या, पोरींनी उचलल्या, आणि आठ दिवसांत दुसऱ्या आळीतल्या पोरीही म्हणू लागल्या. शोभी लग्न होईपर्यंत गावात ‘फुटाणी’ होती. पुढच्या वर्षी तिच्या घरी भुलाबाई बसली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो तीळ. नाही. हे अख्ख्या गावाला माहीत आहे. ओळी माझ्याच, हे मीच मिरवत सांगितलं होतं. आणि मोठेपणी, शोभी गावातल्या गावातच दिलेली आणि मी बदली घेऊन परत आलेली, तेव्हा मी तिची माफीही मागितली. तिच्या मोठ्या मुलाच्या लग्नात, पंगतीत वाढता वाढता. म्हटलं, शोभे, लहानपणी मी फार वाईट वागले तुझ्याशी. तिनं हातातली बुंदीची परात खाली ठेवली, मला कोपरानं ढोसलं नि म्हणाली, “जाऊ दे व, लेकरं होतो आपन. तुले काय माहीत होतं.”

तुले काय माहीत होतं. ते वाक्य मी उचललं आणि थेट खारूताईच्या गोष्टीत नेऊन ठेवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. माफी मागून झाली, ती मिळाली, वर एक गोष्टही मिळाली. पण ज्याची माफी मागायची होती, ते मी परातीखाली दाबून ठेवलं होतं.

कारण मला माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी आईनं मला शोभीच्या घरी किसणी आणायला पाठवलं. आमची किसणी तिच्या मायनं सकाळीच मागून नेली होती. मी गेले तर शोभी घरात नव्हती, पाण्याला गेली होती. तिची माय चुलीपुढे बसली होती, आणि तिच्यासमोर तूप माखलेल्या ताटात खोबऱ्याच्या वड्या थापलेल्या. शोभीचा मामा पोहरादेवीला जाऊन आला होता, त्यानं प्रसादाची नारळं नि साखर आणून दिली होती. माय सुरीनं वड्या पाडत होती. एक एक कड सरळ करून. हाताला रोज विळ्या-खुरप्याची सवय, पण त्या दिवशी काय नाजूक चालवत होती ती सुरी.

मला पाहून ती आधी दचकली, मग हसली. कोपऱ्यातली एक वडी उचलून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, “कोनाले सांगजो नोको बरं माय. आज पोट्ट्याइले ओयखूच येऊ देत नाही. शोभीले मी म्हटलं, तू नुसता डबा हालव, मंग पाह्य गंमत.” मी वडी तोंडात टाकली. अजून कोमट होती. वेलदोडा नव्हता, पण साखर भरपूर. मी मान डोलावली, किसणी घेतली आणि घरी आले.

आणि घरी येऊन मी काय केलं असेल? मी विचार केला माझ्या ओळींचा. त्या वाया जाणार होत्या. शोभी डबा हलवणार, आतून फुटाण्यांचा खडखडाट येणार नाही, वड्यांचा मऊ धप्प आवाज येणार, पोरी डोकं खाजवणार — आणि मग माझे फुटाणे कोण ऐकणार? दुसऱ्या ओळी जुळवता आल्या असत्या. वेळ होता. पण त्या ओळी इतक्या छान जमल्या होत्या. ‘फुटाने’ला ‘मुकाट्याने’ — असं रोज सापडत नाही.

सांजेला आम्ही शोभीच्या अंगणात गेलो. गाणी झाली. शोभी डबा घेऊन बाहेर आली. चेहरा असा, की आत काय आहे ते डब्यापेक्षा तिच्या तोंडावरून ओळखता यावं. तिनं दोन्ही हातांनी डबा वर धरला. हलवला असता, तर सगळं संपलं असतं. म्हणून तो हलायच्या आत मी सुरू केलं. मोठ्यानं. टिपऱ्या वाजवत. मुद्दाम टिपऱ्या वाजवत — म्हणजे तिनं डबा हलवला असता तरी आवाज कानावर आला नसता.

पोरी हसल्या. कधी नव्हे एवढ्या हसल्या. पुन्हा म्हण, म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं.

शोभी तशीच उभी होती. डबा हळूहळू खाली आला, पोटाशी आला. मग तीही थोडी हसली. म्हणाली, “हो व, फुटानेच हायेत.” आत गेली नि सुपात फुटाणे घेऊन आली. वाटले तिनं सगळ्यांना. मलाही दिले. दारात तिची माय उभी होती. ती शोभीकडे पाहत नव्हती, पोरींकडे नाही. माझ्याकडे पाहत होती. त्या अंगणात फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं की मला माहीत आहे.

मायनं कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईला नाही, शोभीलाही नाही. पुढे कितीदा ती मला रस्त्यात भेटली, भारा डोक्यावर घेऊन चाललेली. “कशी हायेस माय?” एवढंच विचारायची. मी बरी आहे म्हणायची आणि चालायला लागायची. आता ती नाही.

माझं डोकं मोठं हुशार, पुढं त्यानं माझ्यासाठी एक पळवाटही काढली. काय म्हणायचं — अगं, तू तर दिलेला शब्द पाळलास. ‘कोनाले सांगजो नोको’ म्हणाली होती ना ती? नाही सांगितलंस तू. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं तेवढी एकच गोष्ट पोटात ठेवली, आणि ती नेमकी तेव्हा. यावर मी बरीच वर्षं काढली.

माझे मिस्टर गमतीनं म्हणतात, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी स्वयंपाक करताना पुस्तक वाचते आणि मुलांना सांगते जेवताना वाचू नका, त्यावरून. बाकीचं त्यांना ठाऊक नाही.

मागच्या हिवाळ्यात शोभीची नात समीक्षा माझ्या वर्गात आली. चुणचुणीत पोर, आजीसारखेच भोकरासारखे डोळे. एका शनिवारी शोभी तिला सोडायला आली ती दारातच टेकली. म्हणाली, “तुह्या गोष्टीचं लय नाव आयकतो. मले बी आयकू दे.” मुलांनी गलका केला — खारूताई, खारूताई. नको कसं म्हणू? सांगितली. शोभी मन लावून ऐकत होती, पोरांसोबत हसत होती. ‘त्यांना माहीत नव्हतं’ पाशी माझा आवाज नेहमीसारखाच खाली गेला. सवयीनं गेला.

गोष्ट संपली, शोभी उठली, पदर सावरला. मग जाता जाता, असंच, भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाली, “लय साजरी हाये व गोष्ट. पन मले एक सांग. माह्या डब्यात त्या दिवशी दुसरं काई होतं, हे तुले कसं माहीत? मी तं झाकन काढलंच नोतं.”

बघा. इतकी वर्षं शेकडो मुलांना मी ती गोष्ट सांगितली. एकदाही माझ्या लक्षात आलं नाही, की ती गोष्ट तीच सांगू शकते जिनं डब्यात पाहिलं आहे. मी पुरावा स्वतःच्या हातानं तयार केला होता, वर त्याला शेपूट नि मधाचे लाडू लावले होते.

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? “अवं, गोष्टच हाये ते. मनची.” शोभी म्हणाली, “हो काय,” आणि गेली. पन्नाशी उलटलेली बाई मी, त्या अंगणातल्या पोरीइतकीच चटपटीत खोटं बोलले. जित्याची खोड, दुसरं काय. त्यानंतर मी खारूताईची गोष्ट सांगितली नाही. मुलं मागायची, मी कावळ्याची सांगायची, बेडकाची सांगायची. ‘आधी डबा हलव’ म्हणणाऱ्या पोरीला वाटलं, बाई ती गोष्ट विसरल्या.

यंदा शोभीच्या घरी भुलाबाई बसली. माहेरी पुन्हा बसली नाही, आणि पुढे तिला सगळे मुलगेच, त्यामुळे त्या वर्षानंतर तिच्या घरी ती कधी बसलीच नव्हती. आता समीक्षेनं हट्ट धरला. “बाई, आमच्या घरी याच लागते तुमाले,” म्हणून दप्तर टाकून माझ्या मागे. गेले. मुलींनी मोबाइलवर गाणी शोधून शोधून म्हटली, टिपऱ्या प्लास्टिकच्या. गाणी झाली आणि शोभी स्वतः डबा घेऊन बाहेर आली. स्टीलचा, झाकण घट्ट. मुली सरसावल्या. शोभी म्हणाली, “थांबा. आज पयले तुमच्या बाई ओयखतीन. त्याइले माहीत असते.”

ती माझ्यासमोर आली आणि तिनं डबा हलवला. चांगला दोन-तीनदा. आतून आवाज आला — खडखड, खडखड. बहिऱ्यालाही कळावं असा. फुटाणे होते.

शोभी माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. वाट पाहत होती.

मी म्हणाले, “खोबऱ्याच्या वड्या.”

मुली खो खो हसल्या. बाई चुकल्या, बाईंना आवाज कळत नाही. शोभी हसली नाही. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला तिची माय दिसली. मग तिनं झाकण काढलं, मुलींना फुटाणे दाखवले, ओंजळभर माझ्या हातात ओतले आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. मुली खाऊवर तुटून पडल्या होत्या. मला तेवढं ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, “तुमी गेल्यावर मायनं त्या समद्या वड्या मलेच खाऊ घातल्या. एक बी ठेवली नाही. तवापासून मले खोबरं चालत नाही.” मग समीक्षेला हाक मारून म्हणाली, बाईला पाणी आण.

आम्ही बराच वेळ फुटाणे खात बसलो. खारे होते, ताजे होते. निघताना तिनं दर वेळी लावते तसंच मला हळदी-कुंकू लावलं.

पुढच्या शनिवारी मी खारूताईची गोष्ट पुन्हा सांगितली. सगळी तशीच. फक्त आवाज खाली न आणता म्हणाले, “बाकीच्यांना माहीत नव्हतं. एका चिमणीला माहीत होतं. तिनं दुपारी त्यातला एक लाडू खाल्ला होता. तरी सगळ्यांत आधी तीच ओरडली.”

मग समीक्षेनं हात वर केला. “मंग तिनं काहून केलं असं?”

“तिनं बोरांवर एक गाणं जुळवलं होतं,” मी म्हणाले. “ते वाया गेलं असतं.”

समीक्षेनं माझ्याकडे पाहिलं. आणखी काहीतरी असेल, म्हणून थांबली. मग म्हणाली, “एवढ्यासाठी?”

“हो,” मी म्हणाले. “एवढ्यासाठी.”